दोन टेकड्यांवरच्या शाळा

 

मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येत राहिला. चांगला शिक्षक जन्मावा लागतो की घडवता येतो? आणि शाळा चांगली होते ती शिक्षकामुळे, इमारतीमुळे, पैशामुळे की सरकारी नियमांमुळे? या प्रश्नावर उपदेश भरपूर ऐकायला मिळतो. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे उपदेशापेक्षा दाखला बरा असं मला वाटतं. म्हणून आज एक खरी गोष्ट सांगतो. ती दोन टेकड्यांवर घडते. एक टेकडी सौराष्ट्रात, भावनगरला. दुसरी महाराष्ट्रात, डहाणूजवळ कोसबाडला. या दोन टेकड्यांना जोडणारी बाई मराठी होती. मी बडोद्यात राहतो, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती बोलतो, त्यामुळे ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाली. गुजरातीत सांगतात तेव्हा ती गिजुभाईंपाशी संपते आणि मराठीत सांगतात तेव्हा ती ताराबाईंपासून सुरू होते. आज ती सलग ऐकू.

आधी थोडी पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे शाळेपुढचा मोठा प्रश्न होता तो मुलं शाळेत आणायची कशी हा. आमच्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो कायदा साऱ्या संस्थानाला लागू केला. मुलगे 7 ते 12 वर्षांचे, मुली 7 ते 10 वर्षांच्या. मूल पाठवलं नाही तर पालकाला दंड. त्या काळात ब्रिटिश सरकारनंही जे केलं नव्हतं ते एका देशी संस्थानानं करून दाखवलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला डोळ्यांसमोर होताच. ते विधेयक 1912 मध्ये फेटाळलं गेलं.

कायद्यानं मूल बाकावर येऊन बसलं. पण बसल्यावर त्याचं काय होतं? त्या काळचा वर्ग नजरेसमोर आणा. हातात छडी, तोंडात पाढे, आणि वर्षातून एकदा येणारा इन्स्पेक्टर. मुंबई इलाख्यात बराच काळ शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरत असे. किती मुलं पास, त्यावर किती रुपये. मग मास्तर काय करणार? इन्स्पेक्टर जे विचारील तेच घोकून घेणार. त्यात मास्तर वाईट होता असं नाही. व्यवस्थेनं त्याच्याकडून जे मागितलं ते त्यानं दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

वकिलाचा मास्तर झाला

गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई. जन्म 15 नोव्हेंबर 1885, आजच्या अमरेली जिल्ह्यातल्या चितळ गावचा. तरुणपणी ते नशीब काढायला पूर्व आफ्रिकेत गेले, परत आले, मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले. वकिली बरी चालली होती. शिक्षक होण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं.

1913 साली त्यांना मुलगा झाला. याला कुठल्या शाळेत घालायचं, असा प्रश्न बापाला पडला. स्वतःची शाळा आठवली ती छडीसकट. मग त्यांनी शोध सुरू केला. बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी करणारे मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया माँटेसरींच्या विचारांची ओळख झाली. इटलीतल्या या डॉक्टर बाईंनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं होतं. लहान मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे, त्याला स्वतःहून शिकायची भूक असते, मोठ्यांनी फक्त योग्य वस्तू आणि योग्य वातावरण द्यायचं, ही त्यांची मांडणी. वकीलसाहेब ते वाचून पेटले.

1916 मध्ये ते भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाले. आता इथे एका दुसऱ्या माणसाचं नाव घ्यायला हवं, कारण गिजुभाईंच्या तेजात ते झाकलं जातं. नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजे नानाभाई. कॉलेजातली प्राध्यापकी करणाऱ्या या माणसानं 1910 साली दक्षिणामूर्ती सुरू केली, ती विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह म्हणून. पुढे तिचं विनयमंदिर म्हणजे माध्यमिक शाळा झाली. गिजुभाई आधी तिथे मोठ्या मुलांना शिकवत होते. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की इथे येईपर्यंत मूल बरंचसं बिघडून झालेलं असतं. भीती, घोकंपट्टी, चोरून पाहणं, शिक्षकाचा चेहरा बघून उत्तर देणं. सुरुवात करायची तर अडीच-तीन वर्षांपासून करायला हवी.

म्हणजे काय, तर संस्थेतला एक कर्ता माणूस संस्थाप्रमुखाला सांगतो की मला मोठ्या मुलांचं काम सोडून बाळांबरोबर खेळायचं आहे. विचार करा, आज एखाद्या नावाजलेल्या शाळेच्या उपमुख्याध्यापकानं असं सांगितलं तर काय होईल? नानाभाईंनी होकार दिला. 1920 साली बालमंदिर सुरू झालं आणि 1922 मध्ये तख्तेश्वरच्या टेकडीवर त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. उद्घाटनाला कस्तुरबा गांधी आल्या होत्या.

टेकडीवर काय चालायचं

बालमंदिरात छडी नव्हती, आणि बक्षीसही नव्हतं. छडी नको हे आपल्याला पटकन पटतं. बक्षीस का नको? गिजुभाईंचं म्हणणं असं की भीतीनं केलेलं काम आणि लालचीनं केलेलं काम ही दोन्ही सख्खी भावंडं. दोन्हीत मुलाचं लक्ष कामावर नसतं, देणाऱ्याच्या हातावर असतं.

मुलं माँटेसरी साधनं हाताळायची, मातीकाम करायची, गाणी म्हणायची, नाटकं करायची, बागेत राबायची, फिरायला जायची. आणि गोष्टी ऐकायची. या गोष्टींवर मला जरा थांबायचं आहे. माँटेसरीबाई स्वतः लहान मुलांना परीकथा, राक्षसांच्या गोष्टी सांगायच्या विरुद्ध होत्या. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आधी खरं जग कळू द्या, असा त्यांचा आग्रह. गिजुभाईंनी त्यांना गुरू मानलं, पण इथे गुरूंचं ऐकलं नाही. काठियावाडात चारण-भाटांनी, आज्या-आत्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेल्या गोष्टींचा साठा त्यांच्याकडे होता. कोल्हा, कावळा, चिमणी, लोभी वाणी, गोष्टीच्या मधे मधे येणारी आणि मुलांनी एका सुरात म्हणायची जोडकवनं. हे सोडायचं कशासाठी? त्यांनी लोककथा गोळा केल्या, मुलांसाठी लिहिल्या आणि गोष्ट कशी सांगावी यावर एक सबंध शास्त्रच लिहून काढलं.

महान शिक्षकाची पहिली खूण मला इथे दिसते. तो दुसऱ्याची पद्धत मनापासून शिकतो, पण समोरच्या मुलाकडे बघून तिच्यात बदल करायला घाबरत नाही. रोमची साधनं आणि काठियावाडची गोष्ट एका खोलीत सुखानं नांदू शकते हे त्यांनी वर्गात करून पाहिलं, आणि मग सांगितलं.

लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणू लागले, म्हणजे मिशीवाली आई. हे नाव ऐकायला गोड आहे, पण त्यात एक धोकाही आहे. त्यामुळे वाटतं की गिजुभाई म्हणजे नुसती माया. तसं नव्हतं. त्यांचं 'दिवास्वप्न' वाचा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातीत आलेली ही छोटी कथा. कथाच आहे, अहवाल नव्हे, हे आधी सांगतो, कारण बरेच वाचक तिला घडलेली हकीकत समजतात. त्यात एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, मला एक वर्षासाठी चौथीचा वर्ग द्या, मला प्रयोग करायचा आहे. अधिकारी देतो, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा नेहमीच्याच, या अटीवर.

पहिल्या दिवशी हा गडी मोठ्या तयारीनं वर्गात जातो. शांततेचा खेळ घ्यायचा ठरवलेलं असतं, पुस्तकात वाचलेला. खिडक्या बंद, दारं बंद, सगळे गप्प. आणि काय होतं? पोरं आरडाओरडा करतात, टाळ्या पिटतात, पळापळ करतात, साऱ्या प्रयोगाचा फज्जा उडतो. घरी बसून आखलेला बेत वर्गात पाच मिनिटं टिकत नाही. दुसऱ्या दिवशी तो खेळ बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगायला लागतो. मग वर्ग त्याच्याकडे वळतो. पुढे गोष्टींतून पुस्तकं येतात, पाठ्यपुस्तकांच्या पैशातून वर्गाचं वाचनालय उभं राहतं, खेळ येतात, नाटक येतं, नखं-केस-टोप्यांची स्वच्छता येते. शेजारच्या वर्गातले मास्तर कुरकुरतात की तुमच्या पोरांचा गलका आम्हाला शिकवू देत नाही. पालक विचारतात, अभ्यास कधी सुरू होणार? अधिकारी मधून मधून येऊन बघतो, आणि मनात धास्ती घेऊन जातो.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगितलं की शिक्षणाच्या पुस्तकांत असा पहिलाच दिवस फसलेला शिक्षक क्वचित भेटतो. तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून मी सांगतो, 'दिवास्वप्न'मधलं सगळ्यात खरं पान ते आहे. गिजुभाईंना माहीत होतं की नवी पद्धत आणली की आधी गोंधळ होतो. त्या गोंधळात शिक्षक काय करतो, छडीकडे परत वळतो की मुलांकडे अजून नीट बघतो, यावर पुढचं सगळं ठरतं. ही दुसरी खूण.

एकट्या माणसाची शाळा होत नाही

आता शाळेकडे वळू. गिजुभाईंसारखा माणूस गावोगावच्या कितीतरी शाळांत निपजला असेल. छडीच्या काळातही गोष्टीवेल्हाळ मास्तर होतेच. त्यांचं पुढे काय झालं? ते निवृत्त झाले आणि त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर घरी गेली. भावनगरला तसं झालं नाही. का?

तिथे बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर सुरू झालं, शिक्षक तयार करणारं. ज्यानं बाळांबरोबर जमिनीवर बसून पाहिलंय त्याच्याकडूनच नवा शिक्षक शिकायचा. मग 'शिक्षण पत्रिका' हे मासिक निघालं. ते पुढे मराठीत आणि हिंदीतही निघू लागलं. पालकांसाठी लेखन झालं, कारण शाळेत चार तास प्रेमानं वागवलेलं मूल घरी जाऊन मार खात असेल तर शाळेचं काम निम्मं वाया जातं. आणि मुलांसाठी पुस्तकांचा ढीग झाला. गिजुभाईंच्या नावावर लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास पुस्तकं सांगितली जातात. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

म्हणजे शाळा, शिक्षक घडवणारी जागा, मासिक, पालक, मुलांची पुस्तकं आणि एक संघटना. हे सगळं एकमेकांना धरून होतं. परिणामकारक शाळा या शब्दाचा अर्थ मला इथे सापडतो. एका चांगल्या शिक्षकाला जे कळलं ते दुसऱ्याला देण्याची सोय ज्या जागेत आहे, ती परिणामकारक शाळा. आणि ही सोय करणारा माणूस बहुधा पडद्यामागे असतो. भावनगरला तो नानाभाई होता.

राजकोटची प्रिन्सिपल

आणि आता ताराबाई. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म मुंबईचा, 19 एप्रिल 1892. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थनासमाजी सुधारक. 1914 साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी लग्न झालं. संसार टिकला नाही, 1921 च्या सुमारास तो मोडला. पदरी लहान मुलगी. त्या काळात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईनं काय करायचं? ताराबाईंनी राजकोटची वाट धरली. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय प्रिन्सिपल झाल्या. पगार, बंगला, मान, सगळं होतं.

1923 मध्ये त्यांनी ते सोडलं आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली बाळांना शिकवायला गेल्या. यामागेही स्वतःचं मूल होतंच. गिजुभाईंचा मुलगा, ताराबाईंची मुलगी. स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधायला निघालेली माणसं दुसऱ्यांच्या मुलांची होऊन गेली, असा हा योगायोग आहे.

तिथे त्या नऊ वर्षं राहिल्या. गुजराती शिकल्या, गुजरातीत लिहू लागल्या, पत्रिकेच्या संपादनात गिजुभाईंच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. आणि तिथेच त्यांना एक प्रश्न सतावू लागला. भावनगरच्या टेकडीवर येणारी मुलं कोणाची होती? शहरातल्या शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरांची. माँटेसरीची साधनं महाग. लाकडाचे ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, सगळं मापात केलेलं. असलं शिक्षण गरिबाच्या दारात जाणार कसं? रोमला तर ते गरीब वस्तीतच जन्मलं होतं!

1932 नंतर त्या मुंबईत आल्या. 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मराठी 'शिक्षण पत्रिका' चालली, अध्यापन वर्ग चालले. दादरचा मध्यमवर्ग आपल्या मुलांना हौसेनं बालमंदिरात घालू लागला. दुसऱ्या कुणी याला यश म्हणून तिथेच घर बांधलं असतं. ताराबाईंच्या डोक्यातून तो जुना प्रश्न गेला नव्हता.

मधल्या काळात भावनगरला फाटाफूट झाली होती. 1936 मध्ये गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली आणि 23 जून 1939 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय जेमतेम 53. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना इथे अनेक वर्षं राहावं लागलं. ज्यानं त्यांना देशी भाषेत घरोघरी नेलं त्या शिष्याची आणि त्यांची भारतात गाठ पडली नाही. थोडक्या महिन्यांनी चुकली. इतिहासात असं होतं.

दुसरी टेकडी

24 डिसेंबर 1945. आजच्या पालघर जिल्ह्यातलं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, समुद्रकाठचं बोर्डी गाव. ताराबाईंनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांचं वय तेव्हा 53. गिजुभाई ज्या वयात गेले त्या वयात या बाईनं नव्यानं सुरुवात केली.

साल लक्षात घ्या. याच डहाणू-तलासरी पट्ट्यात त्याच 1945 मध्ये वारली आदिवासी वेठबिगारीच्या विरोधात उठले होते, गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करत होत्या. सावकार आणि जमीनदार यांच्या दाराशी पिढ्यान् पिढ्या राबलेली ही माणसं. त्यांची मुलं शाळेत का यावीत? पाच वर्षांचं पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसायचं, आठ वर्षांचं गुरांमागे जायचं. घरातल्या भाकरीचा हिशेब त्यावर चालायचा.

बोर्डीला ताराबाईंबरोबर अनुताई वाघ आल्या. लहानपणी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरीही शिकून शिक्षिका झालेल्या. त्या आल्या आणि राहिल्याच. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांच्या मधोमध.

तिथे काय घडलं ते पद्धतशीर बघण्यासारखं आहे. शाळा उघडली, मुलं आली नाहीत. बडोद्याच्या कायद्याचं उत्तर होतं दंड. या दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं. पाड्यावर, झोपडीसमोरच्या अंगणात. म्हणून ती अंगणवाडी. शिक्षिका जायची, मुलं गोळा करायची, आधी त्यांची नखं, केस, आंघोळ बघायची, मग गाणं, गोष्ट, खेळ. आई दारातून कामं करता करता बघायची. शाळा ही दूरची सरकारी भानगड न राहता अंगणातली गोष्ट झाली.

साधनांचं काय? रोमहून ठोकळे कशाला आणायचे? शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या, खडे, माती. मोजायला चिंचोके, आकार ओळखायला पानं, रंगांना फुलं. तत्त्व माँटेसरीचंच, की मूल हातानं शिकतं. माल पाड्यावरचा. आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. गुरं चरतात तिथेच शिक्षिका जायची. मुलाला काम सोडायला लावायचं नाही, काम चालू असताना शिकवायचं.

आता मागे वळून पाहा. गिजुभाईंनी माँटेसरीला गोष्ट जोडली तेव्हा जे केलं, तेच ताराबाईंनी ठोकळ्यांच्या जागी चिंचोके ठेवून केलं. शिष्यानं गुरूची पद्धत उचलली असती तर कोसबाडला महाग साधनांची एक रिकामी खोली उभी राहिली असती. त्यांनी गुरूची नजर उचलली. समोर कोण बसलंय, त्याच्या घरी काय आहे, त्याचा दिवस कसा जातो, हे आधी बघायचं.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्यानंतरही कोसबाडची शाळा चालू राहिली, कारण तिथे अनुताई होत्या, 1992 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. आणि अनुताईंच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षिका होत्या. भावनगरनं ताराबाई घडवल्या, ताराबाईंनी अनुताई घडवल्या. तिन्ही जण स्वभावानं अगदी वेगळे. 'जन्मावा लागतो की घडवता येतो' या प्रश्नाचं उत्तर या साखळीत आहे. ओढ घेऊन माणूस येतो. शिक्षक मात्र तो दुसऱ्या शिक्षकाजवळ राहून होतो.

शब्द पुढे गेला

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आधी देशातल्या 33 गटांत. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज केरळात, ओडिशात, पंजाबात, आसामात, भाषा कोणतीही असो, हा शब्द चालतो. देशभरात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. ताराबाईंच्या कामातून रूढ झालेला एक शब्द सगळ्या देशाचा झाला.

पण शब्दाबरोबर पद्धत गेली का? इथे मला कडू बोलावं लागेल. अंगणवाडी सेविकेच्या अंगावर काय काय आहे ते बघा. पोषण आहार, मुलांचं वजन, लसीकरणाची यादी, गरोदर बायांची नोंद, रजिस्टरं, आता मोबाइलवर माहिती भरणं. ही कामं महत्त्वाचीच आहेत, त्यांनी मुलं वाचली आहेत. पण गोष्ट सांगायला वेळ कधी? आणि एवढं सगळं करणाऱ्या बाईला सरकार कर्मचारी मानत नाही, ती मानधनावरची स्वयंसेविका. पगार हा शब्दही तिच्या वाट्याला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया म्हणून मांडलं, हे चांगलंच झालं. गिजुभाई शंभर वर्षांपूर्वी तेच म्हणत होते. पण तो पाया जिनं घालायचा तिच्याकडे आपण कसं बघतो?

सुरुवातीला मी निकालावर मिळणाऱ्या अनुदानाची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. व्यवस्था जे मोजते तेच शिक्षक देतो. तेव्हा पास झालेली मुलं मोजली, मास्तरांनी घोकंपट्टी दिली. आज भरलेले रकाने मोजले तर भरलेले रकाने मिळतील. भावनगरला नानाभाईंनी गिजुभाईंकडून रकाने मागितले नाहीत. त्यांनी त्यांना जागा दिली, माणसं दिली आणि गोंधळाचे दिवस निघून जायला वेळ दिला.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. महान शिक्षक शोधत फिरू नका, ते प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्या मुलांच्या शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना निकालाची टक्केवारी विचाराच, पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. इथले शिक्षक एकमेकांचा वर्ग बघतात का? नवा शिक्षक आला तर त्याला शिकवतं कोण? आणि एखाद्या शिक्षकाचा नवा प्रयोग पहिल्याच दिवशी फसला, तर त्याला दुसरा दिवस मिळतो का?

दादरचं शिशुविहार, भावनगरचं दक्षिणामूर्ती, दोन्ही नावं आजही आहेत. मुंबईहून बडोद्याकडे येताना गाडी डहाणूवरून जाते. घोलवड स्टेशनावरून कोसबाड फार दूर नाही. कधी जमलं तर उतरा.

पुढच्या भागात नानाभाई भट्टांबद्दल बोलू. 1938 साली शहर सोडून ते आंबला नावाच्या खेड्यात गेले आणि तिथे त्यांनी ग्रामदक्षिणामूर्ती उभी केली. का गेले, आणि खेड्यानं त्यांना काय शिकवलं, ते तेव्हा पाहू. नमस्कार.